आइस्क्रीमच्या बादलीतली माझी वर्षे

मित्रांनो, मी एक जुने क्रेडिट कार्ड आहे. माणसाचा शब्द आणि जगाचा विश्वास यांना जोडणारा पवित्र दुवा म्हणून माझा जन्म झाला. माझ्यासोबत आलेल्या रंगीत कागदावर निदान तसे छापले होते. प्रत्यक्षात मला घरी आणले गेले ते एका फुकटच्या ब्लँकेटसाठी.

मिनेसोटातल्या एका कॉलेजच्या खाणावळीबाहेर, शरदातल्या एका वाऱ्याच्या दिवशी, बँकेच्या माणसाने घडीचे टेबल मांडले होते. अर्ज भरा आणि ब्लँकेट न्या, असा साधा व्यवहार होता. फुटबॉलच्या सामन्यात गुडघ्यांवर घ्यायचे, कॉलेजच्या रंगाचे, जाड लोकरीचे ब्लँकेट. मार्लिस एंगेन नावाच्या, शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीने ते हातात घेऊन चाचपले, गालाला लावले, उलटून शिवण पाहिली. अर्ज मात्र तिने उभ्या उभ्या भरला. व्याज किती, वर्षाची फी किती, उशीर झाला तर दंड किती, हे सगळे मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत होते. मागचे पान तिने उलटलेच नाही. लग्नासाठी मुलगा पाहायला जावे आणि त्याच्या सायकलवर भाळून होकार देऊन यावे, तशी माझी निवड झाली. ब्लँकेट चांगले होते, हे मी कबूल करतो. ते पुढे माझ्यापेक्षा जास्त कामाला आले.

माझे तरुणपण मात्र थाटात गेले. तेव्हा दुकानात माझ्यासाठी खास यंत्र असे. दुकानदार मला त्यावर आडवा ठेवी, वर कार्बनचा कागद घाली आणि मूठ धरून लोखंडी रूळ माझ्या अंगावरून फिरवी. खट-खर्रर्र असा आवाज होई. माझ्यावरची उठावदार अक्षरे कागदावर उमटत आणि मार्लिस खाली सही करी. त्या आवाजाने शेजारची माणसे वळून पाहत. आजकालच्या कार्डांना नुसते यंत्रासमोर धरतात आणि ते बारीकसे किणकिणते. त्यात रुबाब नाही. माझ्या पाठीवरून रूळ फिरला, की मला वाटे, आज आपण काहीतरी केले.

कॉलेज संपल्यावर जूनमध्ये मार्लिसचे लग्न गॉर्डी ट्वेट याच्याशी झाले. गॉर्डी काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवी. हिवाळाभर तो रस्त्यावर असे आणि सुट्टीच्या दिवशी गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे पकडत बसे. मार्लिस गावातल्या दाताच्या डॉक्टरांकडे स्वागताच्या टेबलाशी बसू लागली. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात गॉर्डीला पाण्याच्या गादीचा पलंग हवासा झाला. त्या वर्षांत ज्याच्या त्याच्या घरी तो असे. मोठी रबरी पिशवी, तिच्यात पाणी, आणि कूस बदलली की खाली लाटा. मी पुढे झालो, खट-खर्रर्र झाले, पलंग घरी आला.

महिन्याअखेर बँकेचा कागद येई. त्यावर बरेच आकडे असत आणि सगळ्यात खाली, सगळ्यात लहान आकड्यापुढे लिहिलेले असे, किमान भरायची रक्कम. मार्लिस तेवढी भरी. अगदी वेळेवर आणि अभिमानाने भरी. तो आकडा म्हणजेच बिल, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. मित्रांनो, माझ्या बँकेला इतके सज्जन गिऱ्हाईक कुठे मिळाले असते? बुडवत नाही आणि फेडतही नाही.

पुढच्या वसंतात गॉर्डी खिशात गळ विसरून पलंगावर आडवा झाला. पलंग गेला. खालच्या तळघराच्या छताला ओल आली. रबरी पिशवी कचऱ्यात गेली आणि त्यानंतरही मार्लिस दर महिन्याला पलंगाचे पैसे भरत राहिली.

हे शेजारच्या डोलोरेसबाईंना कळले. डोलोरेसबाई गावातल्या बँकेत काम करीत. त्या कॉफी प्यायला आल्या आणि टेबलावरचा कागद त्यांनी सहज पाहिला.

“मार्लिस, तू हे सगळ्यात खालचं भरतेस?”

“हो. एकदाही चुकवलं नाही.”

“मग हा पलंग तुझ्या नातवंडांना मिळणार बघ. म्हणजे पलंग नाही. नुसते हप्ते.”

मार्लिसने कागद पुन्हा वाचला, या वेळी वरून खाली. तिचा चेहरा पाहून मला स्वतःची लाज वाटली. खरे तर लाज वाटावी असा मी बनवलेला नव्हतो.

त्याच आठवड्यात तिची आई आर्डिस आली. आर्डिसबाई शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. त्यांनी येताना कोंबडी कापायची कात्री आणली होती.

“कुठे आहे ते? आण इकडे.”

“आई, डोलोरेस म्हणते कापू नको.”

“का? तिच्या बँकेचं आहे?”

“नाही गं. पण हे माझं पहिलं कार्ड आहे. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलो, की ते बघतात, किती वर्षांचं खातं आहे, किती नीट फेडलंय. ती म्हणते, बंद केलं तर मागचा हिशेब पुसल्यासारखा होतो. फेड, वापरू नको, पण राहू दे.”

आर्डिसबाईंनी कात्री उघडली, मिटली. “म्हणजे नालायक जावई घटस्फोट न देता ठेवायचा.”

“मी इथेच बसलोय,” गॉर्डी म्हणाला.

“तुझं नाही रे. तू कार्ड आहेस का?”

शेवटी तोडगा आर्डिसबाईंनीच काढला. आमच्याकडच्या घरांत आइस्क्रीमची मोठी प्लास्टिकची बादली कधी फेकत नाहीत. आइस्क्रीम संपते आणि बादलीचे खरे आयुष्य सुरू होते. त्यांनी तशी एक बादली पाण्याने भरली, मला तळाशी सोडले, झाकण लावले आणि बादली तळघरातल्या फ्रीझरमध्ये ठेवली. “आता काही घ्यावंसं वाटलं, की आधी बर्फ वितळेपर्यंत थांबा,” त्या म्हणाल्या. “गरम पाणी ओतायचं नाही, प्लास्टिक वाकडं होईल. मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नाही, मागची पट्टी मरेल. नुसतं थांबायचं. थांबल्यावर बहुतेक गोष्टी नको होतात. मी तुझ्या बापाशी लग्न करण्याआधी हे करायला हवं होतं.”

असा माझा थंड काळ सुरू झाला. आता मागे वळून पाहताना वाटते, तीच माझी सुखाची वर्षे होती. माझ्या एका बाजूला हरणाचे मांस होते, दुसऱ्या बाजूला तळ्यातले मासे, वर नाताळसाठी लाटून ठेवलेल्या बटाट्याच्या पातळ पोळ्या. माझ्या अगदी शेजारी मार्लिसच्या लग्नाच्या केकचा वरचा मजला होता. तो लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला दोघांनी मिळून खायचा असतो. पहिला वाढदिवस पलंगाच्या हप्त्यांवरून भांडण्यात गेला, पुढच्या वाढदिवसांना कोणाला आठवण राहिली नाही, आणि केक तिथेच राहिला. आम्ही दोघे सारखेच होतो. एकेकाळी टाळ्या घेतलेले, आता कोणी विचारत नसलेले. रात्रंदिवस फ्रीझर गुणगुणत असे आणि वर जमिनीवर पावलांचा आवाज होई. त्यावरून मला घरातले कळे. मार्लिस शनिवारीही कामाला जाऊ लागली. गॉर्डीने बाहेर जाऊन तळलेले मासे खाणे सोडले. मग एका दिवशी पावले नाचल्यासारखी वाजली. पलंग फिटला होता.

माझी आठवण काढली गेली नाही असे नाही. एकदा गॉर्डीने बादली वर नेली आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये मला ठेवून तो समोर खुर्ची टाकून बसला. मार्लिस कामावरून आली.

“हे काय?”

“बादली. धुतोय.”

“आतल्या बर्फासकट?”

गॉर्डीने खिडकीबाहेर पाहिले. “एक यंत्र आलंय बाजारात. होडीला लावायचं. पाण्याखालचे मासे दिसतात त्यात.”

“दिसले की गळाला लागतात?”

“लागत नाहीत. पण आहेत एवढं तरी कळतं.”

“गॉर्डी, मासे आहेत. मी सांगते तुला. काही पैसे घेत नाही.”

ती कोट काढायला गेली. गॉर्डी बसून राहिला. बर्फ बादलीच्या कडेपासून जरासा सुटला, मधला गोळा तसाच होता. मग त्याचे मित्र पत्ते खेळायला बोलवायला आले आणि तो गेला. परत आल्यावर त्याने स्वतःच मला खाली आणून ठेवले आणि झाकण लावताना म्हणाला, “आहेत म्हणे मासे.” त्या यंत्राचे नाव पुन्हा निघाले नाही.

त्यानंतर ते घर घेऊ शकले. डोलोरेसबाईंनी स्वतः कर्जाची फाइल पुढे सरकवली आणि म्हणाल्या, जुने खाते, पूर्ण फेडलेले, एकही उशीर नाही, असे कागद पाहायला बरे वाटते. मला हे कळले ते सामान हलवताना, फ्रीझरसकट ट्रकमध्ये. बर्फात असूनही मला ऊब आली. आयुष्यात माझे कौतुक झाले ते तेवढे एकदाच, आणि तेही मी काही न केल्याबद्दल.

घर जुने होते. तळघरातला बॉयलर पाणी तापवून घरभरच्या नळ्यांतून फिरवी आणि त्यावर सगळे घर ऊबदार राही. आर्डिसबाई आता त्यांच्याजवळच राहत होत्या. त्या हिवाळ्यात त्या न्यूमोनियातून नुकत्याच उठल्या होत्या. ऊब सोडायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

आणि जानेवारीतल्या एका रविवारी, सगळे चर्चमधून परत आले तेव्हा बॉयलर बंद पडलेला होता.

बाहेर असा गारठा होता, की गॉर्डीच्या मिशीला बर्फ धरला होता. घरातही तोंडातून वाफ दिसू लागली. अजून काही तास गेले असते तर नळ्यांतले पाणी गोठून त्या फुटल्या असत्या. त्याहून मोठी काळजी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून खोकत होती. मार्लिसने आईला ब्लँकेटमध्ये गुंडाळले. तेच ते, कॉलेजच्या रंगाचे.

“आई, तुला गॉर्डीच्या बहिणीकडे सोडते.”

“तिच्याकडे मांजरी आहेत. मी इथेच बसते.”

शेजारच्या मोठ्या गावातून दुरुस्तीवाला आला. ऑरिन मट्टिला नावाचा शांत माणूस. त्याने बूट काढून दाराशी ठेवले, खाली जाऊन बॉयलर पाहिला, वर आला आणि पायपुसण्यावर मोज्यांत उभा राहिला.

“होईल. भाग गाडीत आहे. पण ते, म्हणजे, मालकाचा नियम आहे. रविवारी आधी पैसे. चेक नाही चालत. मागच्या महिन्यात दोन परत आले. मला सांगायला बरं नाही वाटत.”

बँक बंद. डोलोरेसबाई हिवाळ्यात ॲरिझोनाला बहिणीकडे असत. कॉफीच्या डब्यातले आणि गॉर्डीच्या खिशातले मिळून निम्मेही भरेनात.

“कार्ड चालेल?” मार्लिसने विचारले.

“कार्ड चालेल. नंबर फोनवर कळवतो.”

“मग आहे कार्ड.” ती थांबली. “फक्त जरा वेळ लागेल.”

गॉर्डी बादली घेऊन आला. ऑरिनने बादलीकडे पाहिले, झाकणावरचे आइस्क्रीमचे चित्र पाहिले आणि काही विचारले नाही.

मित्रांनो, आता अडचण लक्षात घ्या. बर्फ वितळायला घर गरम हवे. घर गरम व्हायला बॉयलर हवा. बॉयलरला मी हवा. आणि मी बर्फात.

“काही घाई नाही,” ऑरिन म्हणाला. “अजून दोन घरं आहेत, पण त्यांच्याकडे लाकडाची शेगडी आहे.”

मार्लिसने गॅसवर किटली ठेवली. “कोमट कर, कोमट,” आर्डिसबाई ब्लँकेटमधून म्हणाल्या. “वाकडं झालं तर चालायचं नाही.”

“आई, तुझे ओठ निळे झालेत.”

“ते माझं मी बघते. तू किटलीकडे बघ.”

कोमट पाण्याने बर्फाचा गोळा बादलीतून सुटला, पण मी मधोमध होतो. आर्डिसबाईंना खोकल्याची उबळ आली आणि लवकर थांबेना. गॉर्डी उठला, गॅरेजमध्ये गेला आणि तळ्यावर भोक पाडायची लांब पहार घेऊन आला.

“गॉर्डी,” मार्लिस म्हणाली, “ते कार्ड आहे. मासा नाही.”

“दोन फूट बर्फ फोडतो मी. हा तर आइस्क्रीमएवढा आहे.”

“ते फोडून तू आजवर काय आणलंस घरी?” आर्डिसबाई खोकत म्हणाल्या.

त्याने गोळा जमिनीवर टॉवेलात ठेवला, गुडघ्यांवर बसला आणि हळूहळू कडेने टवके काढू लागला. मी त्याला पहिल्यांदाच काम करताना पाहिले. घाई नाही, जोर नाही. प्रत्येक घावाआधी तो बर्फाला कान दिल्यासारखा वाकत होता. मार्लिस कोमट पाण्याची धार धरत होती. तेवढ्या वेळात मला वाटले, आता आपण सगळे फेडणार. ब्लँकेट, पलंग, सगळे. या घराला मी आजवर तोट्याशिवाय काही दिले नव्हते. आज याच म्हातारीसाठी, जिने मला कापायला कात्री आणली होती, मी उभा राहणार होतो.

शेवटच्या घावाला माझा एक कोपरा तुटला. बाकी मी अखंड बाहेर आलो. मार्लिसने मला पदर असता तर पदराने पुसले असते, तसे स्वेटरच्या बाहीने पुसले आणि ऑरिनच्या हातात ठेवले.

ऑरिनने मला खिडकीकडे धरले. बराच वेळ धरले. मग तो हलकेच म्हणाला, “याची मुदत संपलीये, मार्लिस. दोन वर्षांपूर्वीच.”

फ्रीझरमध्ये कॅलेंडर नसते. मला खरोखरच माहीत नव्हते. लोक मेलेल्याला बर्फात ठेवतात. मला आधी बर्फात ठेवले होते, आणि मी तिथे कधी गेलो, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

“बँकेनं नवं पाठवलं असणार,” ऑरिन म्हणाला. “मुदत संपायच्या आधी पाठवतात. टपालानं.”

“मी बँकेची पाकिटं उघडत नाही,” मार्लिस म्हणाली. “एक पैसा देणं नाही आमचं. कशाला उघडू?” मग तिने गॉर्डीकडे पाहिले. “टपाल कोण आणतं?”

गॉर्डी पहारीचे टोक टॉवेलने पुसत होता. “ते होय,” तो म्हणाला. “मला वाटलं जाहिरातीतलं आहे. खोटी कार्डं येतात की सारखी, नाव घातलेली.”

“मग टाकलंस कुठे?”

“टाकलं नाही.”

तो उठला, बूट चढवून बाहेर आपल्या पिकअप गाडीपर्यंत गेला आणि परत येऊन त्याने टेबलावर एक कार्ड ठेवले. माझाच नंबर, माझेच नाव, पुढची तारीख. त्याची मागची पट्टी पार घासली गेली होती आणि एक कड करवतीसारखी झाली होती. माझा हा धाकटा भाऊ दोन हिवाळे रोज सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता.

आर्डिसबाईंचा खोकला मध्येच थांबला. “म्हणजे हेही बर्फातच होतं,” त्या म्हणाल्या.

आकडे वाचता येत होते. ऑरिनने ते फोनवर कळवले, तो खाली गेला आणि थोड्या वेळाने नळ्यांत पाणी गुडगुडायला लागले. म्हातारीच्या ओठांवर रंग आला. कॉफीबरोबर त्याला काय द्यायचे म्हणून मार्लिसने लग्नाचा केक काढला. त्याने एक घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाला, “वेगळाच आहे.” आमच्याकडे वाईट लागले तरी याच्यापुढे कोणी बोलत नाही. माझा जुना शेजारी तरी शेवटी पानावर वाढला गेला, याचा मला आनंद झाला.

महिन्याअखेर पाकीट आले. मार्लिसने ते त्याच दिवशी उघडले, वरून खाली वाचले आणि कागदावरचा सगळ्यात मोठा आकडा भरून टाकला. नवे कार्ड तिने बादलीत ठेवले नाही, पर्समध्ये ठेवले. आर्डिसबाईंनी विचारले तेव्हा म्हणाली, “आता मला थांबायला बर्फ लागत नाही, आई.” आर्डिसबाईंनी बादलीत टोमॅटोचे सूप भरले.

मित्रांनो, माझे तुम्हाला एवढेच मागणे आहे. आम्हाला ब्लँकेटसाठी घरी आणू नका. आणलेच, तर मागचे पान उलटा. खालचा लहान आकडा आमच्या बँकेच्या प्रेमाचा असतो, त्याला भुलू नका, पूर्ण भरा. जुन्या कार्डाला रागाने कात्री लावण्याआधी एखाद्या डोलोरेसबाईंना विचारा. पाकिटे उघडा. आणि अधूनमधून आमच्यावरची तारीख पाहा. आम्हालाही कोणीतरी विचारलेले बरे वाटते.

मी सध्या पिकअपच्या डॅशबोर्डवर असतो. सकाळी गॉर्डी माझ्या कडेने काच खरवडतो. कोपरा तुटल्यामुळे दर वेळी कडेला बर्फाची एक पट्टी तशीच राहते.